खोक्यावरचा आकडा

“मग खोक्यावर साडेचार कशाला छापलंय, बाबा?”

अमोघने लॅपटॉप भैरवगिरींच्या पुढ्यात सरकवला. पडद्यावरचा आकडा साडेचार गिगाहर्ट्झवरून घसरत एक पूर्णांक आठवर आला होता. मठाच्या उत्सवाची फिल्म तयार व्हायला आता दोन तास लागणार होते. कंपनीने सरळ फसवलं, असं त्याचं म्हणणं.

भैरवगिरींना हा प्रश्न नवा नव्हता. भगवी वस्त्रं घालण्याआधी त्यांनी सोलापुरात वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त केले होते.

“दुसराही आकडा आहे. बारीक अक्षरातला.”

“बेस क्लॉक? एक पूर्णांक आठ. तो काय चारचौघांत सांगायचा आकडा आहे?”

“तो प्रोसेसरने दिलेला शब्द आहे. वारा नीट मिळाला तर दिवसभर राबव, एवढं देणारच. साडेचार म्हणजे टर्बो. अंग गार आहे तोवर उडी मारतं, तापलं की खाली येतं.”

“यंत्राचं असेल तसं. मी खाली येत नाही.”

हाच त्याचा रोग होता. पुण्याची नोकरी सोडून तो दीक्षेसाठी आला होता आणि सहाव्या दिवशीच दीक्षा कधी म्हणून विचारू लागला होता.

मठामागच्या गुहेत एकशे बारा वर्षं नाम अखंड चालू आहे. आत एका वेळी एकच जण बसतो. पुढच्याचा आवाज आपल्या आवाजात मिसळल्याशिवाय त्याने उठायचं नाही, असा नेम. म्हातारे तुकापुरी एक माळ दहा मिनिटांत ओढत. अमोघ तीन मिनिटांत ओढून दाखवायचा, तीही सगळ्यांसमोर. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं तुकापुरी त्याच्या माघारी म्हणत.

“बारा ते तीन तू बस,” भैरवगिरी म्हणाले. “नाम राखलंस तर उद्या दीक्षा. नाहीतर संध्याकाळची एस.टी.”

अमोघ आत गेला. तुकापुरी बाहेर आले.

पहिला अर्धा तास गुहेतून नामाचा नुसता धबधबा कोसळत होता. मग आवाज घोगरा झाला. मग धाप लागल्याचं ऐकू येऊ लागलं... आणि मग काहीच नाही.

अंगणातले होले घुमायचे थांबले. टळटळीत ऊन होतं, तरी भैरवगिरींनी घोंगडी अंगावर ओढून घेतली.

थोड्याच वेळात नाम पुन्हा सुरू झालं. अगदी संथ.

दीडच्या सुमारास अमोघ घामाने निथळत बाहेर आला. चेहरा मात्र खुशीत होता.

“बावीस माळा झाल्या, बाबा. तुकापुरी लवकर आले. त्यांचा आवाज मिसळला, म्हणून उठलो.”

“त्यांना पाहिलंस?”

“आत अंधार आहे. आवाज माझ्या मागून आला.”

“मागे तर भिंत आहे.”

भैरवगिरींनी स्वयंपाकघराच्या ओट्याकडे बोट केलं. तुकापुरी तिथे मेथी निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचे हात थांबले होते.

गुहेतून नाम येतच होतं. ना चढ, ना उतार... आणि मधे कुठे श्वास घेतल्याचा आवाज नाही.

अमोघला भीती वाटली, आयुष्यात पहिल्यांदाच इतकी. तो पायरीवर बसला.

“आत कोण आहे?”

“ज्यांनी सुरू केलं, ते.”

कट्ट्यावर लॅपटॉपचा पंखा मंद घुमत होता. आकडा एक पूर्णांक आठच होता, आणि फिल्म जवळजवळ पुरी झाली होती.

“बाबा... नाम तुटलं होतं. घसा बसला, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि मी थांबलो. तुम्हाला सांगणार नव्हतो.” त्याने डोळे पुसले. “मी संध्याकाळी जातो.”

भैरवगिरींनी आपली घोंगडी काढून त्याच्या खांद्यावर टाकली.

“तीन वाजायचेत अजून. आत जा. हळू म्हण, पण थांबू नकोस. तुझ्या आवाजाचा भरवसा वाटल्याशिवाय ते उठायचे नाहीत.”