बंकटशेठचा चार पुडांचा डबा

एसटी स्टँडसमोर बंकटशेठची खानावळ होती. साठ रुपयांत पोटभर थाळी. भाकरी गरमागरम, भातही मऊ. आमटी मात्र अशी, की वाटीचा तळ दिसावा. गिरिजाबाई हत्तुरे दर बाजाराला तिथेच जेवत, आणि आमटीला जरा जीव यावा म्हणून पिशवीतून घरची शेंगदाण्याची चटणी काढत.

एके दिवशी शेठ गल्ल्यावरून सगळ्यांदेखत गरजले, "ओ बाई, भिंतीवरची पाटी वाचा! बाहेरचे पदार्थ खाण्यास सक्त मनाई! चटणी आत ठेवा, नाहीतर उठा!"

सगळे माना वळवून बघू लागले. गिरिजाबाईंनी निमूटपणे डबीला झाकण लावलं. तेवढ्यात त्यांची नजर गल्ल्यावर गेली. तिथे शेठचा घरून आलेला चार पुडांचा डबा उघडा होता.

"नियम म्हणजे नियम, शेठ," त्या म्हणाल्या. "मी चटणी ठेवली. आता तुम्हीही डबा झाका आणि या माझ्या शेजारी. तुमची थाळी माझ्याकडून."

खानावळीत हशा पिकला. वाढप्याने तत्परतेने थाळी आणून मांडली. शेठनी आमटीच्या वाटीत डोकावून पाहिलं. तळ स्वच्छ दिसत होता.

"बाई," ते हळूच म्हणाले, "ती चटणी जरा इकडे सरकवा."