चौपदरी फडकं

“…आणि नऊ पावसाळे हा तांब्या वाहून मला मिळालं काय, महाराज?”

सोमगिरी बाबा तांब्यातलं पाणी तोंडात घोळवत होते.

बाबांची मठी एका मातीच्या बंधाऱ्याच्या कडेला होती. बंधारा लहानसा, वर्षातले आठ महिने कोरडा. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की तो अडवायचा आणि मोरीतून बेताबेतानं सोडायचा, एवढंच त्याचं काम. खाली वाडी. वाडीतलं पहिलं घर द्रुपदाबाईचं, बंधाऱ्याला जवळजवळ पाठ लावून बसलेलं. तिची लेक बाळंतपणाला आली होती. बाळ अकरा दिवसांचं होतं.

बाबांच्या दर्शनाला येणाऱ्यानं नारळ आणायचा नाही, पाटीभर वाळू नाहीतर खडी आणायची, असा तिथला रिवाज. मठीपुढे त्याचाच ढीग. दामोदर मास्तरांना त्या ढिगाची लाज वाटे. शाळेची नोकरी सोडून ते ज्ञान मिळवायला आले होते. ते शिकलेले होते, आणि ही गोष्ट ते कधी विसरत नसत.

पहिल्याच दिवशी बाबांनी त्यांच्या हातात तांब्या दिला होता.

“बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाझर आहे. पावसाळाभर रोज सकाळी त्याचं पाणी आणायचं. जसं असेल तसं.”

पूर्वी बाबा तांब्यात डोकावून बघत. गुडघे आधीच गेलेले, दोन वर्षांपूर्वी डोळेही गेले. तेव्हापासून ते पाण्याचा घोट घ्यायला लागले. मास्तरांना वाटलं, बाबा तीर्थ म्हणून घेतात.

“माझ्यामागून आलेले दोघं आज गावोगाव कीर्तनं करतात,” मास्तर म्हणाले. “मी अजून पाणक्याच. कंटाळलो, महाराज. खरं सांगतो.”

“मीही,” बाबा म्हणाले.

दोघं पावसाकडे तोंड करून बसले.

“आज कितवा दिवस पावसाचा?” बाबांनी विचारलं.

“पाचवा. बंधारा निम्म्याच्या वर भरलाय. पण पाणी बघा ना, कसं निर्मळ.”

“तेच म्हणतोय… पाच दिवस पाऊस, आणि जिभेला एक कण लागत नाही.”

“लागेल कसा? मी गाळून आणतो.”

बाबांचा हात थांबला.

“कधीपासून?”

“तुम्ही प्यायला लागलात तेव्हापासून. गुरूला न गाळलेलं पाणी द्यायचं का?” मास्तरांना आपल्या सेवेचा अभिमान होता. “परवापासून जरा मातकट येतंय. म्हणून मी फडकं चौपदरी केलं.”

बाबांनी नुसता हात पुढे केला…

मास्तरांनी खांद्यावरचं फडकं त्या हातावर ठेवलं. बाबांनी ते पिळलं, बोटाला बोट चोळलं आणि ते बोट जिभेला लावलं.

“पाणी झिरपतं, ते झिरपू दे. माती यायला लागली म्हणजे बंधारा आतून पोखरत चाललाय. खाली जा. वाडी देवळाच्या टेकाडावर ने. आधी ती बाळंतीण.”

“इतकीशी माती, महाराज…”

“जा.”

मास्तर पळाले. पन्नाशीचा माणूस, चिखलात दोनदा पडला. तीन दिवस आपण मोठ्या भक्तीनं काय केलं, ते त्यांना दुसऱ्यांदा पडल्यावर नीट कळलं.

द्रुपदाबाई उंबऱ्यातच आडवी आली.

“उद्या बारसं हाय, मास्तर! असल्या पावसात लेकरू कुठं नेऊ?”

“माझ्या चुकीनं न्यावं लागतंय, बाई.”

नऊ वर्षांत ते वाडीतल्या माणसाशी असं सरळ कधी बोलले नव्हते. द्रुपदाबाईनं त्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि बाळ गोधडीत गुंडाळलं. तिच्यामागून वाडीतली बायकापोरं टेकाडावर चढली, गडी तेवढे मागे राहिले.

पायथ्याशी पाझर करंगळीएवढा झाला होता, रंग चहासारखा. एक गडी तालुक्याला निरोप घेऊन गेला. बाकीचे चिकणमातीच्या पाट्या घेऊन भोक बुजवायला धावले. तेवढ्यात दोघांनी बाबांना धरून खाली आणलं.

“बुजवू नका रे. इथं बुजवलं तर दुसरीकडून फुटेल. पाणी जाऊ द्या, माती धरा. आधी वाळू, मग बारीक खडी, वर दगड.”

मठीपुढचा ढीग दुपारपर्यंत संपला. ज्याची लाज वाटायची त्याच ढिगाच्या पाट्या मास्तरांनी स्वतःच्या डोक्यावरून वाहिल्या. बाबा चिखलात बसून होते, पाझरात हात घालून. मधूनमधून बोट जिभेला लावत आणि थुंकत.

दिवस कलताना त्यांचं थुंकणं थांबलं. पाझरातून आता नुसतं पाणी येत होतं.

“वाडी अजून वरच राहू दे,” ते म्हणाले. मग त्यांना उचलून मठीत नेलं.

सगळे गेल्यावर मास्तर त्यांच्या पायाशी बसले. त्यांना रडू येत होतं, पण अंग इतकं दमलं होतं की तेही धड येईना.

“मला हाकलून द्या, महाराज. ते लेकरू…”

“तहान लागलीय,” बाबा म्हणाले.

मास्तर उठले. मठीमागच्या विहिरीवरून तांब्या भरून आणला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला.

बाबांनी तांब्या ओठांशी नेला आणि थांबले.

“गाळलंस?”

“नाही, महाराज. आता जन्मात गाळणार नाही. जसं असेल तसं.”

बाबांनी तांब्या परत त्यांच्या हातात दिला. ते फार थकले होते.

“हे विहिरीचं आहे, मास्तर… हे गाळून आण.”