थरथरणारी काठी

काठ्या एकमेकींशी बोलत असत त्या काळी कोंडाबाई भोईणीच्या झोपडीत गळाच्या दोन काठ्या होत्या. थोरली जाड आणि ताठ होती. धाकटी नवी, कोंडाबाईने तिचा शेंडा तासून तासून बारीक केला होता. जरा वारा आला की ती थरथरायची.

"भित्री मेली!" थोरली हसायची. "मी बघ, जागची हलत नाही."

धाकटी शरमेने भिंतीला टेकून थरथर लपवायची.

थंडी नुकती ओसरत होती. गारठलेले मासे डोहाच्या तळाशी सुस्त पडले होते आणि कोंडाबाईची चूल कालपासून पेटली नव्हती. तिने दोन्ही गळ पाण्यात सोडले. एक मासा थोरलीच्या गळावरचं गांडूळ अलगद कुरतडून गेला. तिला पत्ताच नाही. मग तो धाकटीच्या गळाकडे वळला. त्याने नुसतं तोंड लावलं आणि धाकटीचा शेंडा थरथरला. तिने अंग आवरून पाहिलं, पण थरथर थांबेना.

कोंडाबाईने ती पाहिली आणि काठीला हिसका दिला. हातभर मासा काठावर तडफडू लागला.

संध्याकाळी चूल पेटली. कोंडाबाईने कोयता घेतला आणि थोरलीचा शेंडा तासायला बसली.

"दुखतं का गं?" थोरलीने हळूच विचारलं.

"जरासं," धाकटी म्हणाली. "पण मग माशाचा श्वाससुद्धा कळतो."