लसणाच्या वाफ्याचा राखणदार

श्रोतेहो, ज्याने एखादी वस्तू न खाण्याचे व्रत घेतले, त्याच्या हाती ती वस्तू निर्धास्त सोपवावी काय?

एका राज्यात चित्रायुध नावाचा राजा होता. त्याने एका मांत्रिकाला दारातून उपाशी परतविले. मांत्रिकाने शाप दिला आणि राजाचे शरीर पावलांपासून दगड होऊ लागले. दगड कमरेशी आला, तेव्हा राणी पद्मलेखा अन्नपाणी टाकून देवघरात बसली. खिडकीत भारद्वाज पक्षी उतरला व बोलला, "परसात स्वहस्ते लसूण लाव. पाकळीचे टोक वर ठेव. हिरवी पात कापू देऊ नकोस, नाहीतर गड्डा भरणार नाही. पात पिवळी पडली, की पाणी तोड. भरलेला एक गड्डा राजाच्या मुखी लागला, तर दगड उतरेल."

राणीने वाफा केला, पाकळ्या लावल्या. पण राजाची शुश्रूषाही तिलाच करावयाची होती. राजगुरू विद्यानिधी यांना कांदा-लसूण आजन्म वर्ज्य होता, हे सारे राज्य जाणत होते. राखणीस राणीने त्यांनाच नेमले.

हिवाळा सरत आला. पात आखूड दिसे. राणीने विचारले असता, ससे कुरतडतात, असे राजगुरूंनी सांगितले. पुढे पात पिवळी पडली; राणीने पाणी तोडले. दगड राजाच्या गळ्याशी पोहोचला, त्या दिवशी तिने लसूण उपटला. गड्डे मण्यांएवढे निघाले.

भारद्वाज कुंपणावर बसला होता. बांधावर सांडलेल्या मिठाकडे पाहून तो म्हणाला, "गुरुवर्य, इथले ससे भाकरीशी मीठ लावून पात खातात काय?"

राजगुरू म्हणाले, "माझे व्रत गड्ड्याचे आहे. पातीचे नाही."

"ते देवाला सांगा," राणी म्हणाली. "मला माझा राजा द्या."

राजगुरू क्षमा मागण्यासाठी वाफ्याशी गुडघे टेकून वाकले. राणीने तिकडे पाहिले नाही. निवडुंगाच्या कुंपणात एक रोप उरले होते. काट्यांना भिऊन राजगुरूंनी तेवढे सोडले होते. राणीने त्यात हात घातला. हात रक्ताळला, पण गड्डा भरलेला निघाला.

तो राजाच्या मुखी लागताच दगड उतरला. राजा उठला. त्याने आधी मांत्रिकाला शोधून पानावर बसविले, स्वतः वाढले, आणि मगच सिंहासनावर पाय ठेवला.

उतरलेला दगड मात्र ओसरी ओलांडून परसात गेला. वाकलेल्या राजगुरूंच्या पायांवरून तो चढला आणि गळ्याशी थांबला. मुख तेवढे जिवंत राहिले. दर हिवाळ्यात कोवळी पात त्यांच्या ओठांपासून वीतभर अंतरावर डुलते. भूक जात नाही, मान पोहोचत नाही आणि मरणही येत नाही.