साळूचं पातेलं आणि भूपतराजांची अट

साळू कुंभारणीच्या लेकीचं लग्न आठ दिवसांवर आलं, आणि राजाने गावाची भांडी उचलून नेली!

करंजनगरात मारुतीच्या देवळामागे तांब्याची मोठाली पातेली, पराती आणि घंगाळं ठेवलेली असत. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने ती न्यावीत आणि घासूनपुसून परत आणून ठेवावीत. गरिबाघरच्या पंगती या भांड्यांच्या जिवावरच पार पडत. पण भूपतराजांना स्वतःचा तांब्याचा पुतळा उभारायची हौस आली होती. नुसत्या मिशांनाच दोन पातेली लागणार होती म्हणे!

साळू तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, भांडी गावाची हायेत. लेकीच्या लग्नाचा भात मी कशात शिजवू?"

"कुंभारीण ना तू? तुला गाडग्यांचा काय तोटा!" राजे हसले. मग दरबारही हसला. राजे हसल्यावर गप्प बसायची तिथे पद्धत नव्हती.

"चारशे माणसांचा भात गाडग्यात? शेवटची पंगत बसंस्तवर नवरानवरी म्हातारी हुतील!"

आता दरबाराला खरंच हसू आलं, पण ते त्याने गिळलं. राजांच्या कपाळावर आठी पडली होती.

"हे बघ साळू, पूर्वी इथे एकच पेठ होती. सगळे एकमेकांना ओळखायचे. आता तीन पेठा झाल्या. तेलंगणातून विणकर आले, मारवाडातून दुकानदार आले. कोण कुणाचं? गावच उरलं नाही, तर गावाची भांडी कसली?"

"गाव हाय की, महाराज."

"आहे? मग दाखव!" राजे हट्टाला पेटले. त्यांनी एक भलंमोठं पातेलं पुढे ओढायला लावलं. आत दोन माणसं बसली असती. "उद्या दिवस मावळेपर्यंत हे धान्याने काठोकाठ भरून दाखव. पण विकत घ्यायचं नाही. कुणाकडे दाणाही मागायचा नाही. आपली पैज कुणाला सांगायची नाही. आणि एका घरचं मूठ-दोन मुठींपेक्षा जास्त चालणार नाही. भरलं तर सगळी भांडी परत. नाही भरलं, तर परवा भट्टी पेटली!"

"बरं," साळू म्हणाली.

"बरं काय? कसं भरशील?"

"ते उद्या बघा की!"

राजांनी पातेलं तिच्या अंगणात पोचवलं आणि पाळतीला दोन शिपाई दिले.

साळूच्या दारात चिंचेचं झाड होतं, हिरव्या चिंचांनी लगडलेलं. कुंभारवाड्यातल्या साऱ्या सुना जमल्या, पाटे-वरवंटे आले आणि दिवेलागणीपर्यंत चिंचेचा ठेचा वाटून झाला. साळूने नुकतीच भट्टीतून काढलेली सातशे बोळकी ठेच्याने भरली. सकाळी कुंभारवाड्यातली सगळी गाढवं तिन्ही पेठांत निघाली, आणि साळूच्या गाढवामागे मिशांना पीळ देत दोन शिपाई!

प्रत्येक दारात साळू एवढंच म्हणे, "लेकीचं लगीन हाय. जेवताना तोंडी लावा. बोळकं तेवढं माघारी द्या, मला बाजारात विकायचंय."

दुपार झाली. एकही बोळकं परत आलं नाही. पातेल्याच्या बुडाशी एक चिमणी बसून टुकूटुकू बघत होती. शिपायांनी एकमेकांना डोळे मिचकावले. साळू मात्र रस्त्याकडे डोळे लावून होती. जुन्या पेठेची तिला खात्री होती, पण नव्या पेठांतल्या माणसांची रीत तिला कुठे ठाऊक होती? ते लोक कालपरवा आलेले. तिने उंबऱ्यात बसून पदराने दोनदा घाम पुसला.

उन्हं कलली तशी पहिली बाई आली. तिच्या बोळक्यात ज्वारी होती. मागोमाग दुसरीने तूरडाळ आणली. मग रांगच लागली. नव्या पेठेतली एक विणकरीण अडखळत म्हणाली, "आमच्यात शेजारणीचं भांडं रिकामं देत नाहीत. तुमच्यात चालतं का हो?"

"चालतं का? अगं बाई, आमच्यातबी हेच हाय!" साळूने तिचा हात धरला. डोळ्यांत टचकन पाणी आलं ते तिने लपवलंही नाही.

दिवस मावळताना राजे आले. पातेल्यावर धान्याची शीग उभी होती.

"तू मागितलंस!" राजे गरजले.

"नाही सरकार," एक शिपाई ओठावरचा ठेचा पुसत म्हणाला. "बाई दिवसभर नुसती वाटत होती."

"मग हे आलं कसं? नव्या पेठेत तुला कुणी ओळखतही नाही!"

"मला न्हाई ओळखत, महाराज. पर रिकामं बोळकं माघारी द्यायला त्यांचा हात धजत न्हाई. ही रीत ज्याच्यात्याच्यात हाय. मग गाव अजून कशाला म्हनत्यात?"

"रीत बीत काही नाही! एखाद्याला दया आली असेल!"

साळूने शिगेच्या टोकावरचे तांदूळ ओंजळीत घेऊन राजांपुढे धरले. आंबेमोहोराचा घमघमाट सुटला.

"हे कोनाच्या घरचं, ते तुमीच सांगा."

राजे वास घेऊन सांगणार, तोच त्यांचं तोंड उघडंच राहिलं. दुपारी जेवताना, वाड्याच्या दारी आलेलं ठेच्याचं बोळकं बोटाने निपटून त्यांनीच आचाऱ्याला बजावलं होतं, "कुणाचं आहे देव जाणे, पण रिकामं पाठवू नकोस!"

"मी तुमच्याकडं मागितलं व्हतं का, महाराज?" साळूने मान तिरकी करून विचारलं.

राजे आधी लाल झाले, मग खदखदा हसायला लागले. हसता हसता पगडी सरकली, ती शिपायाने सावरली.

"हरलो! आत्ताच्या आत्ता सगळी भांडी देवळामागे पोचवा!"

शिपाई पळणार, पण साळू जागची हलेना. नुसती राजांकडे बघत राहिली.

"आता आणखी काय?"

"काही न्हाई. म्हटलं, भांडी तुमीबी नेली व्हती, आता माघारी देताय."

राजांना दुसऱ्यांदा हसू फुटलं. "समजलं बाई, समजलं! अरे, कोठी उघडा! एकही भांडं रिकामं जाता कामा नये!"

साळूला लेकीच्या लग्नात तांदूळ विकत घ्यावा लागला नाही. डाळ, गूळ, तूपही नाही.