आबाजी निकमाचा गोल

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. सारंगगड संस्थानात नुकतंच कॉलेज निघालं होतं आणि कॉलेजाची फुटबॉलची टीम झाली होती. टीम कसली, मोजून अकरा गडी. बदली खेळायला बारावा नाही. सगळे अनवाणी खेळायचे. त्यांत तांबळवाडीचा आबाजी निकम पाठ राखायचा, म्हणजे आपल्या गोलापुढे बचावाला उभा असायचा. त्याने लाथाडलेला चेंडू म्हणे घारीसारखा घिरट्या घालत खाली यायचा.

त्या साली टीम जिंकत सुटली. पण एका सामन्यात उंच चेंडूवर उडी घेताना समोरच्या गड्याचा गुडघा आबाजीच्या कानशिलावर बसला. तो उठला, खेळला, जिंकलाही. दुसऱ्या दिवशी मैदानात उभा राहिला आणि त्याला आपला गोल कोणता तेच कळेना. पूर्वेकडे पाहिलं तरी तसंच, पश्चिमेकडे पाहिलं तरी तसंच. सगळं मैदान त्याच्याभोवती जात्यासारखं फिरायला लागलं.

त्याने ते फक्त गोल राखणाऱ्या हसन मुजावरला सांगितलं.

"मी बसलो तर टीम मोडेल, हसन."

हसन म्हणाला, "मी तुला हाका मारत राहीन. माझा आवाज पाठीमागून आला, की समज, तू नीट उभा आहेस."

असं म्हणतात, की पुढचे सगळे सामने आबाजी त्या आवाजावर खेळला. लोक वाहवा करायचे. त्याला मात्र वाटायचं, की हे दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत.

शेवटचा सामना छावणीतल्या पलटणीशी होता. चैत्रातलं ऊन, आणि हसनच्या गोलामागे बांबूच्या मंडपात अख्खं गाव दाटलेलं. खेळ रंगात आला आणि डोंगराकडून धुळीची वावटळ उठली. अशी, की माणसाला आपलाच हात दिसेना. चेंडू आबाजीच्या पायात होता. हसनची हाक आली, पण ती समोरून आली, मग डावीकडून, मग वरून. म्हणतात, त्या धुळीत शंभर हसन ओरडत होते.

आबाजी जागच्या जागी गरगरला. तेवढ्यात काहीतरी कडकन मोडलं, बायामाणसं किंचाळली, आणि हसन ओरडला, "आबा, इकडे ये, मंडप पडला."

आपण कुठे जातोय हे त्याला कळत नव्हतं. तो आवाजाकडे धावला. मधल्या खांबाखाली त्याने खांदा दिला आणि सगळा मंडप उचलून धरला. दहा बैलांनी हलला नसता, असं म्हणतात. त्याच्या पायांमधून अख्खं गाव रांगत बाहेर आलं. मग पलटणीचे शिपाईही धावून आले आणि त्यांनी खांब धरला.

धूळ बसली तेव्हा चेंडू कॉलेजाच्याच गोलात पडलेला होता. पंचांनी विचारलं, हा आणला कुणी?

"मीच आणला असेन," आबाजी म्हणाला. "पायात होता. मला काही समजत नव्हतं."

तो गोल पलटणीचा ठरला, आणि त्या एकाच गोलावर सामनाही. पण त्यांचे सुभेदार राणोजी सावंत कप घ्यायला पुढे होईनात.

"असला गोल आम्हाला नको," ते म्हणाले.

आबाजी गोंधळला. "पण सुभेदारसाहेब, हरलो तर आम्हीच ना?"

सुभेदारांनी त्याचा सोललेला खांदा पाहिला आणि आपला रुमाल त्यावर ठेवला. कप कुणीच नेला नाही.

आबाजी म्हातारा होऊन गेला, तरी लोक आपल्या पाया का पडतात हे त्याला उमगलं नाही. "मी तर चुकलो होतो," असं तो म्हणायचा.

अजूनही सारंगगडला चैत्रात त्याच्या नावाने सामना होतो. खेळ संपला की मंडपाच्या खांबांना दोन्ही संघांचे गडी खांदे लावून उभे राहतात. आधी लेकुरवाळ्या उठतात, मग म्हातारे, मग बाकीचे. शेवटचं माणूस उन्हात पोचेपर्यंत कुणी खांदा काढत नाही.