साहेब खाटेवर

आरोग्य अधिकारी हिर्लेकरसाहेबांनी ग्रामसभेत कॉलऱ्याच्या साथीचा आराखडा ठणकावून वाचला. शेवटी फर्मान होतं: गावकऱ्यांनी मध्ये न पडता बाजूला उभं राहावं.

"आम्हाला आधी विचारलं असतं तर..." सरपंच यशोदाबाई म्हणाल्या.

"त्यात तुम्हाला काय विचारायचं?" म्हणत साहेब सरावासाठी स्वतःच रुग्ण बनून खाटेवर आडवे झाले.

रुग्णवाहिकेचा भोंगा जवळ आला आणि ओढ्यापलीकडेच थांबला. अलीकडे यायला नुसता पायी येण्यापुरता लाकडी साकव, आणि गाडीत चालक एकटाच. साहेबांनी खाटेवरूनच मान उंचावून पाहिलं. खरा रुग्ण असता तर?

"बघताय काय? उचला मला."

"कसं उचलणार? तुम्हीच आम्हाला बाजूला उभं केलंय," यशोदाबाई म्हणाल्या. "आणि उठू नका साहेब, कॉलऱ्याचा रुग्ण उठून चालत नाही."

साहेबांनी पडल्यापडल्याच आराखडा खोडायला पेन मागितलं.